दामोदर धर्मानंद कोसंबी : तराजूवर तोललेला इतिहास

प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे ते प्रामुख्याने इतिहासकाराचे म्हणून. पुण्याच्या परिसरातील टेकड्या, लेणी आणि जुन्या वाटा पायी तुडवणारा, खेड्यातल्या शेंदूर फासलेल्या देवतांमध्ये प्राचीन समाजाच्या खुणा शोधणारा हा विद्वान पोटापाण्यासाठी आयुष्यभर गणित शिकवीत आणि गणितात संशोधन करीत होता, हे अनेकांच्या ध्यानी नसते. ज्यांना ते ठाऊक असते तेही या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. वस्तुतः गणित आणि इतिहास यांना जोडणारा एक भक्कम पूल त्यांच्या जीवनात होता. तो पूल म्हणजे संख्याशास्त्र, आणि त्यातही संख्याशास्त्रीय परिकल्पनांची चाचणी. प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र त्या पुलावर उभे राहून पाहावे असा विचार आहे.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध वाङ्मयाचे आणि पाली भाषेचे थोर अभ्यासक. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून ते नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेशापर्यंत गेले होते आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन करीत होते. हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी ते १९१८ साली पुन्हा अमेरिकेस निघाले तेव्हा अकरा वर्षांचे दामोदर आणि त्यांची थोरली बहीण माणिक त्यांच्याबरोबर गेली. केंब्रिज गावातील लॅटिन स्कूलमध्ये दामोदर यांचे शालेय शिक्षण झाले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी त्यांनी सर्वोच्च श्रेणीत मिळवली. अनेक युरोपीय भाषा त्यांनी तेथेच आत्मसात केल्या. मायदेशी परतल्यावर त्यांनी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात व नंतर अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकवले. अलीगढला त्या वेळी आंद्रे वेय हे तरुण फ्रेंच गणितज्ञ विभागप्रमुख होते आणि तेथे काही काळ तरी गणिताचे एक जिवंत वर्तुळ जमले होते. ते विस्कटल्यावर, १९३३ मध्ये, कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले आणि पुढची बारा वर्षे तेथेच राहिले. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

त्यांचे तोवरचे काम अमूर्त भूमितीतले होते. संख्याशास्त्राकडे ते वळले ते आपल्या खास पद्धतीने : पुस्तक वाचून विषय येत नाही, खरा प्रश्न हाती घेऊन त्याच्याशी झुंजले तरच तो येतो, अशी त्यांची धारणा होती. शाळेच्या स्मरणिकेत आवर्जून सांगावी अशी गोष्ट ही, की त्यांनी प्रथम हाती घेतलेल्या प्रश्नांत विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांचा प्रश्न होता. परीक्षेचा मापदंड आणि प्रत्यक्ष अध्यापनाचा मापदंड यांचा मेळ नाही, असे त्यांना त्या आकड्यांत दिसले. हा निष्कर्ष कोणत्याही काळातल्या शिक्षकांना फारसा रुचण्याजोगा नाही. मग त्यांनी असा प्रश्न निवडला, की ज्यात तक्रार करायला कोणी जिवंत उरले नव्हते : प्राचीन भारतातील चांदीची आहत नाणी.

ही नाणी ज्यांनी वस्तुसंग्रहालयात पाहिली असतील त्यांना आठवेल, की त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, एक अक्षरही नाही. चांदीच्या पत्र्याचे लहान तुकडे तोडून, वजन जुळवण्यासाठी कोपरे छाटून, त्यांवर सूर्य, चक्र, टेकडी, झाड, प्राणी अशा चिन्हांचे ठसे ठोकलेले असतात. एका बाजूस सहसा पाच ठसे, तर मागील बाजूस कधी काहीच नाही, कधी एक, कधी अनेक लहान खुणा. अशी हजारो नाणी देशभर सापडली आहेत. लखनौच्या उत्तरेला खेरी जिल्ह्यातील पैला येथे सापडली, आपल्या पूर्व खानदेशात सापडली आणि सर्वांत महत्त्वाची तक्षशिलेच्या भीर टेकाडात. कोसंबींनी या तिन्ही साठ्यांचा अभ्यास केला. मुकी नाणी बोलती कशी करायची, हा प्रश्न होता. चिन्हांचा अर्थ लावण्याच्या खटपटीत बरेच विद्वान कल्पनेच्या आहारी गेले होते. कोसंबींनी चिन्हे तूर्त बाजूला ठेवली आणि तराजू हाती घेतला.

त्यांचे तर्कशास्त्र साधे होते. नाणे हातोहात फिरते तेव्हा झिजते. एका व्यवहारात गेलेली चांदी नगण्य असते. पण वर्षानुवर्षांच्या व्यवहारांनी ती मोजता येण्याइतकी होते. म्हणून एकाच वजनमापाने पाडलेल्या नाण्यांपैकी जास्त काळ फिरलेली नाणी सरासरीने हलकी असली पाहिजेत. सरासरीने हा शब्द येथे मोलाचा आहे. टांकसाळीतून निघतानाच दोन नाण्यांचे वजन तंतोतंत सारखे नसते; एखादे नाणे शेटजीच्या पेटीत पडून राहते, एखादे रोज बाजार पाहते. त्यामुळे एकटे नाणे तोलून त्याचे वय सांगता येणार नाही. शंभर नाण्यांच्या गटाविषयी मात्र काही सांगता येईल. हे केवळ बोलून न थांबता त्यांनी स्वतःच्या काळातली चलनी नाणी मोठ्या संख्येने तोलली. त्या नाण्यांवर साल छापलेले असते, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असते. वर्षांप्रमाणे गट पाडून पाहता जुन्या गटांची सरासरी कमी आणि वजनांमधला आपसांतला फरक जास्त, असे अपेक्षेप्रमाणेच आढळले. चलनाच्या वजनावर वापराचा काय परिणाम होतो यावरचा त्यांचा निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला. अज्ञाताला हात घालण्यापूर्वी आपले साधन ज्ञातावर पारखून घेण्याची ही शिस्त मला त्यांच्या सगळ्या विद्वत्तेहून अधिक आदरणीय वाटते.

येथे जरा थांबून परिकल्पनेची चाचणी म्हणजे काय ते समजून घेणे इष्ट ठरेल, कारण तिच्याशिवाय पुढची कथा उमगणार नाही.

समजा, एका वर्गातील साठ मुलांच्या चिठ्ठ्या टाकून तीस-तीसच्या दोन तुकड्या केल्या आणि दोन्हींची सरासरी उंची काढली. ती काटेकोर सारखी येणार नाही. एक तुकडी थोडी उंच निघेल. पण तिची मुले जास्त दूध पितात काय, असा शोध कोणी शहाणा माणूस घेणार नाही. फरक निव्वळ चिठ्ठ्यांनी, म्हणजे योगायोगाने पडला आहे. म्हणून दोन गटांत फरक दिसतो एवढे पुरेसे नाही. योगायोगाने जेवढा फरक पडू शकतो त्याच्या तुलनेत हा फरक किती मोठा आहे, हा खरा प्रश्न. संख्याशास्त्रज्ञ प्रथम मुद्दाम असे धरून चालतो, की काहीही विशेष घडलेले नाही, जे दिसते ते केवळ योगायोग आहे. हिला शून्य परिकल्पना म्हणतात. मग ती खरी मानल्यास, प्रत्यक्ष दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता किती, हे तो मोजतो. ती फारच थोडी निघाली तर शून्य परिकल्पना सोडून देतो.

नाणेफेकीचे उदाहरण घेऊ. नाणे निर्दोष आहे ही शून्य परिकल्पना. दहा वेळा उडवले आणि आठ वेळा छापा पडला. नाणे खोटे म्हणावे काय? दहा फेकींचे एकूण १०२४ प्रकार संभवतात आणि त्यांपैकी ११२ प्रकारांत एक बाजू आठ वा अधिक वेळा पडते. म्हणजे निर्दोष नाणेही शंभरांतून सुमारे अकरा वेळा असे वागेल. आरोप ठेवण्यास हे पुरेसे नाही. पण वीस फेकींत सोळा वेळा छापा पडला, तर? प्रमाण तेच, पाचांत चार. परंतु निर्दोष नाण्याच्या हातून इतके एकांगी वागणे शंभरांतून जेमतेम सव्वा वेळाच घडेल. आता संशयाला जागा आहे. पुरावा तोच दिसत असला तरी नमुना मोठा झाला की त्याचे वजन वाढते.

किती लहान संभाव्यता म्हणजे पुरेशी लहान, याचे उत्तर निसर्गाने दिलेले नाही. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात शंभरांत पाच ही सीमा सोयीची म्हणून सुचवली आणि ती जगभर रूढ झाली. पुढे १९३३ मध्ये जर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी चुकीचे दोन प्रकार स्पष्ट केले. जुन्या बाजारातला सराफ डोळ्यांसमोर आणला तर ते सहज कळतात : खरे नाणे खोटे म्हणून परत करणे ही एक चूक, आणि खोटे नाणे खरे म्हणून गल्ल्यात टाकणे ही दुसरी. फार कडक पारख केली तर दुसरी चूक कमी होते, पण पहिली वाढते. दोन्ही एकदम टाळायच्या असतील तर एकच मार्ग, अधिक नाणी, अधिक मोजमापे. आणि एक गोष्ट कधीही विसरता कामा नये. शून्य परिकल्पना टिकली याचा अर्थ ती सिद्ध झाली असा नव्हे. तिच्याविरुद्ध पुरेसा पुरावा मिळाला नाही, एवढाच. तसेच ती सोडून दिली म्हणजे आपल्या मनातला पर्याय सिद्ध झाला असेही नव्हे. चाचणी फक्त योगायोगाला बाजूला सारते; मोकळ्या झालेल्या जागी कोणते कारण बसवायचे, ते विषयाच्या ज्ञानाने ठरवावे लागते.

आता तक्षशिलेकडे वळू. तेथे १९२४ साली सापडलेल्या साठ्यात हजाराहून अधिक आहत नाण्यांबरोबर अलेक्झांडरची दोन आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप याचे एक, अशी तीन ग्रीक नाणी जवळजवळ कोरी होती. त्यावरून हा साठा इसवी सनापूर्वी ३१७ च्या सुमारास पुरला गेला असावा. ई. एच. सी. वॉल्श यांनी या नाण्यांचे तपशीलवार वर्णन वजनांसह १९३९ मध्ये प्रसिद्ध केले. कोसंबींनी त्या आकड्यांना प्रश्न विचारला : मागील बाजूच्या लहान खुणांची संख्या आणि नाण्याचे वजन यांचा काही संबंध आहे काय? शून्य परिकल्पना अशी, की नाही. मग बिनखुणेची, एका खुणेची, दोन खुणांची असे गट पाडले तर त्यांच्या सरासऱ्या वर्गातल्या त्या दोन तुकड्यांसारख्या इकडे तिकडे डोलतील. त्यांत क्रम दिसणार नाही. प्रत्यक्षात खुणा वाढत जातात तसतशी सरासरी उतरत जाते, आणि हा उतार योगायोगाच्या कक्षेबाहेरचा ठरला.

योगायोग गेला, आता अर्थ लावणे आले. कोसंबींनी असे मांडले, की मागील खुणा टांकसाळीच्या नव्हेत. नाणे ठरावीक काळाने तपासून त्यावर पारखल्याची खूण ठोकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या, सराफांच्या त्या आहेत. म्हणून जितक्या खुणा अधिक तितके नाणे जुने. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणाऱ्या रूपदर्शक या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे, हे येथे सहज आठवते. एका अक्षराविना असलेल्या नाण्यांना अशा रीतीने आधी-नंतरचा क्रम लाभला. पुढच्या काळातील साठ्यांत त्यांनी सरासरीबरोबर वजनांचा पसाराही पाहिला. मौर्यकालीन नाण्यांचे वजनमाप पूर्वीचेच होते. पण त्यांत तांबे जास्त मिसळलेले आणि नाण्या-नाण्यांतील फरक पूर्वीपेक्षा खूप मोठा. सरासरी सारखी असून पसारा वाढला, याचा अर्थ त्यांनी असा लावला, की नाणी घाईने पाडली जात होती आणि राज्याच्या तिजोरीवर ताण होता. साम्राज्याच्या वैभवाची वर्णने वाचून जे कळले नसते ते रत्तीमाशांच्या फरकांनी सांगितले.

मात्र येथेच एक विवेक राखला पाहिजे. क्रम लावणे ही चाचणीची कमाई. अमुक चिन्हांचा गट नंदांचा, तमुक शिशुनागांचा, हे नामकरण पुराणे व इतर साधनांच्या आधाराने त्यांनी केलेले अनुमान होते. नंतरच्या नाणकशास्त्रज्ञांनी त्यांतील बऱ्याच नावांविषयी मतभेद नोंदवले आहेत. पद्धतीचे ऋण मात्र मान्य केले जाते. तराजूने दिलेले आणि तर्काने जोडलेले यांचे मोल एकसारखे नाही, हे त्यांच्या वाचकाने लक्षात ठेवावे.

याच वर्षांत त्यांनी संख्याशास्त्राच्या सिद्धान्तातही भर घातली. १९४१ आणि १९४२ मध्ये सार्थकतेच्या चाचण्यांवर त्यांचे निबंध आले, १९४३ मध्ये फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावरचा महत्त्वाचा निबंध आला, आणि १९४४ मध्ये आनुवंशिकीतील ते सूत्र, ज्यामुळे त्यांचे नाव इतिहासाचे पानही न उलटलेल्या लोकांच्या तोंडी आहे. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर त्यांच्या फेरजुळणीच्या प्रमाणावरून काढण्याचे हे सूत्र असून पिकांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ ते आजही कोसंबींच्या नावानेच वापरतात. इतिहासकार कोसंबी तेच हे, याचा त्यांतील अनेकांना पत्ता नसतो.

१९४५ मध्ये होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. बिऱ्हाड पुण्यातच राहिले. डेक्कन क्वीनचा नित्याचा प्रवास हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग झाला. पुढील काळात त्यांचे काम थक्क करणाऱ्या दिशांनी पसरले. १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची नवी मांडणी करणारा ग्रंथ, १९५७ मध्ये वा. वि. गोखले यांच्यासह विद्याकराच्या सुभाषितरत्नकोशाचे संपादन. मध्येच भारतातील जन्मदराच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या चढउतारांवर एक निबंध, आणि १९५८ मध्ये चक्क पत्ते पिसण्यावर एक : हाताने पिसलेले पत्ते खरोखर किती मिसळतात याची संख्याशास्त्रीय तपासणी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. या विषयाला हसू नये. योगायोगाशी तुलना करणारी प्रत्येक चाचणी, चिठ्ठ्या खरोखरच निःपक्षपाती टाकल्या गेल्या या गृहीतावर उभी असते.

त्यानंतरचे वर्ष त्यांच्या चरित्रातले सर्वांत क्लेशकारक. गणितात रीमानची परिकल्पना म्हणून एक प्रसिद्ध कूट आहे. बर्नहार्ड रीमान यांनी ते १८५९ मध्ये मांडले. अविभाज्य संख्यांच्या विभागणीशी त्याचा निकटचा संबंध आहे आणि ते अद्याप सुटलेले नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, कृषिसंख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने त्याची सिद्धता दिल्याचा दावा केला. परिकल्पना हा शब्द दोन्हीकडे एकच असला तरी अर्थ भिन्न आहेत. नाण्यांविषयीच्या परिकल्पनेला बहुधा एवढे उत्तर पुरते, कारण तेथे हजारो नाणी आहेत आणि प्रश्न त्यांच्या समूहाचा आहे. अविभाज्य संख्यांची मालिका एकच, ठरलेली. तिच्यात योगायोग असा नाहीच. तिच्यासारख्या जवळजवळ सर्व मालिका अमुक रीतीने वागतात असे दाखवले, तरी प्रत्यक्ष ही मालिका उरलेल्या अपवादांपैकी नाही, हे दाखवायचे शिल्लक राहते. गणितज्ञांना ती फट बुजलेली दिसली नाही. सिद्धता मान्य झाली नाही. कोसंबी मात्र मागे हटले नाहीत. त्यांच्या गणिती लौकिकाला यामुळे धक्का बसला, आणि संस्थेशी आधीच ताणलेले त्यांचे संबंध अधिक बिघडले. १९६२ मध्ये त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवली गेली नाही. त्यांचा स्वभाव तिखट होता, अण्वस्त्रांविरुद्ध आणि जागतिक शांततेसाठी ते उघडपणे बोलत; त्यामुळे केवळ एका निबंधापायी हे घडले असे म्हणणे न्यायाचे नाही. तरी वीस वर्षे तराजूची मर्यादा इतक्या नेमकेपणाने ओळखणाऱ्या माणसाने याच एका ठिकाणी ती ओलांडावी, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

त्यानंतरची चार वर्षे त्यांनी पुण्यात अखंड कामात घालवली. १९६२ मध्येच लोकदेवता आणि दंतकथा यांवरचा त्यांचा निबंधसंग्रह आणि १९६५ मध्ये प्राचीन भारतीय संस्कृतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९६४ मध्ये त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमले. दक्षिणेतल्या प्राचीन व्यापारी मार्गांचा मागोवा घेत, काठी हाती घेऊन ते डोंगर चढत राहिले.

फेब्रुवारी १९६६ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकात त्यांचा एक लेख आला. विषय पुन्हा तोच होता, नाणी आणि त्यांचे वजन. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात आरंभलेले काम जगभरच्या सामान्य वाचकांसमोर त्यांनी सोप्या शब्दांत ठेवले. त्यानंतर चारच महिन्यांनी, २९ जून १९६६ रोजी, झोपेतच त्यांचे निधन झाले. ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. नाण्यांवरचे त्यांचे ठिकठिकाणी विखुरलेले निबंध १९८१ मध्ये ग्रंथरूपाने एकत्र आले. गटांच्या संख्या, सरासऱ्या आणि वजनांतील फरक त्यांत कोष्टकांसह छापलेले आहेत; बारावीपर्यंतचे गणित पक्के असलेल्या कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन ते पुन्हा तपासता येतील.